अर्धं शटर

मंगळवार संध्याकाळ, बोर्ली पंचतन

सकाळी आईला स्मशानात नेताना बाजारातल्या प्रत्येक दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं. आपली रीतच ती, मी नीट पाहिलंही नाही.

आत्ता मोझांबिकहून मटिल्डाचा फोटो आला. तिथल्या माझ्या हार्डवेअरच्या दुकानाशेजारी ती कापड विकते. आई गेल्याचं फक्त तिला कळवलं होतं. फोटोत आमची अख्खी गल्ली, आणि सगळी शटरं अर्ध्यावर.

मागे तिथला न्हावी वारला, त्याची अंत्ययात्रा जाताना मी एकट्यानंच शटर ओढलं होतं. हे कशासाठी, तिनं विचारलं. गावची सवय, एवढंच म्हणालो. तिनं ते लक्षात ठेवलं? सगळ्यांना सांगितलं? आणि मी तिथे इतकी वर्षं स्वतःला परकाच समजत आलो.

काकांना फोटो दाखवला.

"वैनीला वळखत व्हती काय रे ही मानसं?"

"नाही."

"मंग?"



पुन्हा फोटो काढून बघतोय. रस्ता रिकामा आहे. तरी सगळे आपापल्या दुकानापुढे उभे आहेत, आई समोरून जात असल्यासारखे.