नागोयाचं घर आणि आईचं मीठ

नागोया, जपान
९ नोव्हेंबर १९७५

तीर्थरूप सौ. आईच्या चरणी जयपालचा साष्टांग नमस्कार. जय जिनेंद्र. वि. वि.

आई, राहायला घर मिळालं. कारखान्याच्या पाहुण्यांच्या खोलीची मुदत संपली होती आणि परक्या माणसाला खोली द्यायला इथं कुणी धजत नाही. माझ्या शेजारच्या लेथवरचा सातो मला घेऊन अकरा घरं फिरला. लोक कमरेत वाकून नकार देतात. इतक्या नम्रपणे सांगलीत कुणी होकारही देत नाही.

शेवटी सातोनं मला स्वतःच्याच खोलीत घेतलं. गवती चटया आहेत, माझा स्टोव्ह आणि भांडी वेगळी आहेत. घरमालकीण किमुराबाई साठीच्या, विधवा. इथं दिवस पावणेपाचला मावळतो आणि आपल्याला सूर्यास्तानंतर जेवण चालत नाही, म्हणून मी पाळीवरून आलो की उजेड असतानाच त्या मला जेवायला बसवतात. अंघोळ मात्र गल्लीतल्या न्हाणीघरात, सगळे पुरुष एकत्र आणि उघडे. आपल्याकडं दिगंबर व्हायला वैराग्य लागतं, इथं साबण पुरतो.

तुझ्यापासून लपवत नाही, खाली बाईंचं मासळीचं दुकान आहे. माझ्या अन्नाला त्याचा स्पर्श नाही. इथलं शिकण्याचं वर्ष संपलं की कुपवाडला येऊन आप्पांच्या कारखान्यात उभा राहीन. तोवर तुझी माया पाठीशी असू दे.

तुझा जयपाल

सांगली
२३ नोव्हेंबर १९७५

चि. जयपाल यास आईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उभ्यानं वाचायला घेतलं आणि खाली बसले. तीनदा वाचलं तरी मासळी तिथंच. ज्या घरात कांदा येत नाही, त्या घरचा मुलगा मासळीच्या दुकानावर झोपतो, हे मी कुणाला सांगू? तुझे आप्पा म्हणाले, मासं खाली हायत, पोरगं वर हाय, मधी फळ्या हायत की. त्यांना सगळं मापातच कळतं. आणि आपल्या दिगंबर मुनिमहाराजांना त्या न्हाणीघरात ओढलंस, ते मी वाचलंच नाही असं धरते.

काल मंदिरात देवासमोर नियम घेतला. तू ते घर सोडेपर्यंत मीठ खाणार नाही. रागानं नाही घेतला, पण इतक्या लांबून आईला दुसरं काय करता येतं?

प्रकृतीला जप. आप्पांचे आशीर्वाद.

तुझी आई

सातारा
१ डिसेंबर १९७५

चि. जयपालला त्रिशलाताईचे आशीर्वाद.

आठवडाभर माहेरी राहून काल साताऱ्याला परतले. आई अळणी आमटीत भाकरी कुस्करून खाते आणि चव विचारली तर बरी आहे म्हणते. परवा मंदिराच्या पायरीवर तिला घेरी आली. डॉक्टरांनी मीठ घ्या म्हणून बजावलं, तर तिनं त्यांनाच नियम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. तिला न सांगता हे लिहिते. काहीही कर, पण लवकर कर.

तुझी ताई

नागोया
१७ डिसेंबर १९७५

ती. सौ. आईस जयपालचा नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र वाचून ट्रंक भरायला घेतली. सातोनं कारण विचारलं, मी सांगितलं, त्यानं खाली किमुराबाईंना सांगितलं. त्यांनी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं. आपल्या छपरापायी कुणाची तरी आई अळणी जेवते, हे ऐकून त्या दुकानातल्या स्टुलावर मटकन बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ताटात भात आणि पालाच होता. सातो म्हणाला, तुझी आई मीठ खाईपर्यंत बाई मासा तोंडात घालणार नाहीत. आज अकरावा दिवस. सकाळी मासळी विकतात आणि दुपारी नुसता भात खातात. नको म्हणालो तर त्या नुसत्या वाकल्या. मागाहून ताईचं पत्र आलं, तेव्हापासून माझाही घास उतरत नाही.

पाहुण्यांची खोली आता फार तर दोन दिवस मिळेल. पुढं मला कुणी दारात उभं करणार नाही. आणि खरं सांगू? या शहरात माझी माणसं दोनच, ती याच घरात. तरीही तू सांगशील तसं करेन.

तुझा जयपाल

सांगली
३० डिसेंबर १९७५

चि. जयपाल यास आशीर्वाद.

पुन्हा खाली बसले, आणि या खेपेला लवकर उठवेना. त्याग म्हणजे आपल्याच घरचा, असं मी समजून होते. न पाहिलेल्या बाईसाठी मासळीवाली बाई स्वतःचा घास सोडते. मला लाज वाटली. आप्पांना वाचून दाखवलं, तर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

पण नियम मोडता येत नाही. आज पंडितांना विचारून आले. माझा नियम तू घर सोडेपर्यंतचा आहे. सोडल्यावर परत जाऊ नयेस, असं मी देवासमोर बोललेच नव्हते. पंडितांनी जरा कुरकुर केली आणि मग मान हलवली. तेव्हा पत्र मिळताच ट्रंक उचल, पाहुण्यांच्या खोलीत जा आणि मला तार कर. तार हातात पडली की मी मीठ घेते. दुसऱ्या दिवशी त्याच घरी परत जा आणि माझ्या वतीनं बाईंच्या पाया पड.

एकच अडचण आहे. आता मासा खा, हा निरोप माझ्या हातून लिहिला जाणार नाही. त्यांना एवढंच सांग की सांगलीच्या बाईनं मीठ खाल्लं.

तुझी आई, प्रभावती