मधल्या कमानीचे दगड

चि. धाकट्यास,

आपला दगडी पूल धोकादायक आहे, असा अहवाल तू दिलास आणि मी गावभर तुला पुस्तकी इंजिनियर म्हणत फिरले. पूल बंद करू नका, या अर्जावर पहिली सही माझीच. काल तुला खोटं पाडायला बाबांची हातोडी घेतली आणि गुडघ्यांना शिव्या देत आटलेल्या नदीत उतरले. पुलाची देखभाल करताना बाबा दगड वाजवून बघायचे, आठवतं? धड दगड खणखणतो, पोकळ बद्द वाजतो.

मधल्या कमानीचा एकही दगड खणखणला नाही. पुन्हा पहिल्यापासून एकेक वाजवून पाहिला, तरी बद्दच.

उद्या सही मागे घेईन. हे पत्र मात्र पाठवणार नाही. कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टरांनी चूक कागदावर लिहायला शिकवलं होतं, धाकट्या भावाला वाचून दाखवायला नाही.

तुझी, अजूनही थोरलीच,
ताई