तीन कोंबड्यांची चिठ्ठी

४ मार्च १९६९
गेली! कोंबड्यांची कविता गेली. दोन रोग्यांच्या मधे औषधाच्या चिठ्ठीवरच खरडली होती — ही माझी जुनी खोड. थेओपिस्ती म्हातारीच्या गुडघ्याच्या चिठ्ठीबरोबर तीही गेली असणार. 'तीन कोंबडे छपरावर आरवतात, उजाडत मात्र नाही.' हे कोंबडे म्हणजे देशाची सत्ता बळकावून बसलेले तीन कर्नल, हे शेंबडं पोरही सांगेल! सापडलो तर दवाखाना गेला, आणि मी कुठल्यातरी ओसाड बेटावर हद्दपार.

५ मार्च
म्हातारी म्हणते, "कागद एक होता की दोन, मला काय ठाऊक? मला का वाचता येतंय!"
औषधांच्या दुकानात गेलो. माझं अक्षर अख्ख्या बेटावर एकट्या दुकानवाल्या पोलिक्सेनीला लागतं. "एकच आली हो, डॉक्टर," म्हणाली. आणि हसली. का हसली?

९ मार्च
हवालदार ड्रोसोस तिच्या दुकानातून बाहेर पडताना दिसला. खिशात काहीतरी कोंबत होता.

१२ मार्च
हवालदार पुन्हा तिथेच! तो गेल्यावर मी आत गेलो. ती हळूच म्हणाली, "डॉक्टर, औषधाच्या कागदावर औषधच लिहीत जा."
धमकी! सरळसरळ धमकी. अकरा वर्षांची ओळख, आणि ही बाई मला दमात घेते?

१६ मार्च
कॉफीच्या दुकानात ड्रोसोस खोकत खोकत माझ्याच टेबलावर येऊन बसला. "काय हो डॉक्टर तुमचं अक्षर! कोंबडीचे पाय!"
कोंबडी म्हणाला. म्हणजे कागद त्याच्याकडे आहे. आणि वाचून कुणी दाखवला असेल?

१७ मार्च
जिल्ह्याच्या कचेरीला पत्र टाकलं. पोलिक्सेनी चिठ्ठीशिवाय पेनिसिलिन देते, असं कळवलं. खोटं नाही. मी पलीकडच्या गावी असलो की देत जा, असं मीच तिला सांगितलंय — तेवढं लिहिलं नाही. दुकानाला टाळं लागलेल्या बाईच्या साक्षीवर कोण विश्वास ठेवतो? दुपारच्या बोटीने पत्र गेलं.

२५ मार्च
सणाचा तळलेला मासा आणि लसणाची चटणी तिने पाठवली, दरवर्षीसारखी. मांजराला घातली. मांजराला काही झालं नाही.

३१ मार्च
दोन साहेब आले. दुकानाला सील ठोकलं. पोलिक्सेनी पायरीवर बसून होती. माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्ही सांगा ना त्यांना, डॉक्टर." मी घाईत असल्यासारखा पुढे गेलो. वाईट वाटलं. पण सुटलो!

१ एप्रिल
सकाळीच ड्रोसोस दवाखान्यात. खोकत होता. "मागे धक्क्यावर तुमची एक चिठ्ठी सापडली. एवढी लांबलचक, म्हटलं भानगड दिसते. पोलिक्सेनीबाईंनी घडाघडा वाचून दाखवली — छातीचं औषध, दिवसातून तीन वेळा. म्हटलं, मलाही द्या की! दोन बाटल्या प्यालो, बरं वाटत होतं."
रिकामी बाटली त्याने माझ्या टेबलावर ठेवली.
"तेच पुन्हा लिहून द्या. पण डॉक्टर, आता ते वाचणार कोण?"