म्यानातली हळद

एडिनबरा
९ मार्च २००८

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझं मागचं पत्र लाल शाईने तपासून तू परत पाठवलंस, तेही मिळालं. फ्लॅटमेटला वाटलं, युनिव्हर्सिटीने मला नापास केलं. शाळेतून तू रिटायर झालीस, तुझी शाई झाली नाही.

आता बातमी. इनागाकी सापडले. आबांच्या तलवारीला बांधलेल्या लाकडी पट्टीवर ज्यांचं नाव आहे, त्या अधिकाऱ्याचे नातू. क्योतोच्या एका प्रोफेसरांनी तीन वर्षं चिकाटीने शोध घेतला. आजोबांनी ब्रह्मदेशात शरण येताना तलवार एका हिंदुस्थानी सुभेदाराच्या हाती दिली, एवढंच त्यांच्या घरी ठाऊक होतं. त्या सुभेदारांनी, म्हणजे आपल्या आबांनी, ती साठ वर्षं जपली आणि परत द्यायला सांगून गेले, हे त्यांना माझ्याकडून कळलं. पुढच्या वर्षी ते स्वतः इल्फर्डला येणार आहेत. आबांचा शब्द तू पूर्ण करणार, आत्या. मला किती अभिमान वाटतोय ते मराठीत नीट लिहिता येत नाही, म्हणून राहू दे.

प्रबंध चालू आहे. सध्या एदो शहरातल्या, म्हणजे जुन्या टोकियोतल्या, लबाड्यांत बुडाले आहे. माकडाच्या धडाला माशाची शेपटी शिवून जलपरी म्हणून दाखवणारे, मोठ्या लोहाराची खोटी सही पात्यावर कोरून विकणारे. बाबा म्हणतात, जपानने गाड्या केल्या, कॅमेरे केले, आणि माझ्या मुलीला तिथे चोर सापडले. मिल्टन कीन्सच्या मित्रमंडळींत ते माझा विषय नुसता 'हिस्टरी' असा सांगतात.

लोभ असू दे, शाई थोडी कमी चालेल.

तुझी,
ईशिता

*

इल्फर्ड
२ जून २००८

चि. ईशितास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. या खेपेस तपासलं नाही, कारण चष्म्यावर पाणी येत होतं. रवीला फोन करून इनागाकींचं सांगितलं. तो म्हणाला, म्हणजे तिच्या जपानीचा उपयोग झाला म्हणायचा. तुझ्या बापाच्या तोंडून हे म्हणजे भारतरत्न समज.

पाहुण्यांच्या हाती द्यायची तर तलवार नीट असावी, म्हणून मी ती साफ करून घेतली. एप्रिलपासून असल्या तलवारी विकायला बंदी आली ना, तेव्हापासून इथे कुजबूज चालू होती की घरात ठेवल्या तरी पोलीस येतील. तेवढ्यात हार्लो म्हणून एका गृहस्थाची जाहिरात दिसली. जुनी शस्त्रं तपासतो, दाखला देतो, स्वच्छ करून देतो. घरी आला, चहा घेतला, फार अदबीने बोलला. पाहून म्हणाला, सही खोटी आहे, कारखान्यातला माल आहे, पण भावनेची किंमत वेगळी. मला वाईट वाटलं, पण आबांना ती खरी-खोटी बघून दिलेली नव्हती.

तीन आठवड्यांनी आणून दिली. तीच मूठ, तेच म्यान, पण पातं असं चकचकीत की त्यात मी माझे पांढरे केस मोजावेत. त्यानेच ती पुन्हा म्यानात घालून दिली, मी ट्रंकेत ठेवली आहे.

जेवत जा. तुमच्या तिकडचं ओट्सचं लापशीसारखं प्रकरण म्हणजे जेवण नव्हे.

तुझ्यावर जीव आहे हे वेगळं लिहायला नको.

तुझी,
सुप्रभा आत्या

*

इल्फर्ड
१० ऑक्टोबर २००८

चि. ईशितास,
अनेक आशीर्वाद.

फोन उचलला आणि ठेवला. बोलताना आवाज फुटला असता, आणि मास्तरणीचा आवाज फुटू नये.

खंडेनवमीला नेहमीसारखा पाट मांडला. तुला माहीत आहे, आबा होते तेव्हापासून आपली रीत एकच. तलवार बाहेर काढायची, मुठीपासून चार बोटांवर ओल्या अनामिकेने आधी हळद, तिला चिकटून कुंकू, दिवसभर पाटावर, संध्याकाळी पुन्हा म्यानात. इतक्या वर्षांत त्या जागी दोन बारीक खड्डे पडले होते. डोळ्यांना फारसे दिसत नसत, बोटाला लागत. हळदीची जागा कुठली हे मी बोटानेच शोधायची.

या वर्षी बोटाला काही लागलं नाही.

आधी वाटलं, हार्लोने घासून काढले असतील. पण संध्याकाळी तलवार आत घालताना म्यानात अडकली. जोर लावावा लागला. आधी ती आपल्या वजनाने उतरायची. ईशिता, मुठीत माझ्या आबांची तलवार नाही असं मला वाटतंय. इनागाकी येतील, वाकून नमस्कार करतील, आणि मी त्यांच्या हातात दुसरंच काहीतरी ठेवीन. आबा आयुष्यात खोटं बोलले नाहीत. त्यांचा शब्द मी एका चहाच्या कपावर घालवला.

रवीला अजून सांगितलेलं नाही. तू काय म्हणतेस ते कळव.

तुझी,
आत्या

*

एडिनबरा
१४ ऑक्टोबर २००८

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

तू काहीही घालवलेलं नाहीस. शांत बस, चहा कर, स्वतःपुरता, आणि हे वाच.

माझ्या प्रबंधात एक गोष्ट आहे. खरी घडलेली की रचलेली, सांगता येत नाही. त्या काळी असे किस्से छापून विकणं हाही धंदाच होता. एदोमधली एक विधवा मुलासाठी नवऱ्याची तलवार पॉलिशवाल्याकडे देते. लखलखीत होऊन येते, पण बाईला ती ओळखू येत नाही. पॉलिशवाला म्हणतो, इतकी स्वच्छ केली की तुम्हालाच ओळखू येईना, यात माझा काय दोष. न्यायाधीश पात्याकडे बघतच नाही. तो म्यान मागवतो आणि उभं चिरून दोन फाका करायला सांगतो. आतल्या लाकडावर जुन्या पात्याची वर्षानुवर्षांची खूण असते, आणि नवं पातं तिच्यात बसत नाही.

चोर मूठ आणि म्यान नेहमी परत देतो, कारण मालक तेच ओळखतो. हार्लोनेही तेच केलं. आता मास्तरीणबाई, सांगा, घासल्यावर पातं बारीक होतं की जाड? बारीकच ना? मग ते म्यानात सैल व्हायला हवं, अडकायला नको. प्रत्येक म्यान एकाच पात्यासाठी कोरलेलं असतं. दुसरं त्यात सरळ बसत नाही.

आणि ऐक, म्यानाचे दोन अर्धे भाग शिजवलेल्या भाताच्या खळीने चिकटवलेले असतात. लहानपणी तू आम्हाला पतंगाला लावायला शिकवलीस तीच खळ. वेळ पडली तर लाकूड न मोडता उघडता यावं म्हणून. तुझी ओली हळद रोज नाही, पण दरवर्षी त्या म्यानात गेली आहे.

म्यान धुऊ नकोस, पुसू नकोस. हार्लोला फोन करू नकोस. बाबांना सांग, ते रागावतील आणि मग गाडी काढतील. पोलिसांकडे तिघं मिळून जाऊ. मी शुक्रवारच्या ट्रेनने येते.

तुझी,
ईशिता

*

इल्फर्ड
२२ फेब्रुवारी २००९

चि. ईशितास,
अनेक आशीर्वाद.

काल आपलं पातं मिळालं. सगळं क्रमाने लिहिते, कारण फोनवर तू मध्ये मध्ये ओरडत होतीस.

तू परत गेल्यावर म्यान उघडायची पोलिसांची परवानगी यायला बराच वेळ लागला. सार्जंटबाई चांगल्या, पण सुरुवातीला त्यांना वाटलं असावं, एकटी राहणारी म्हातारी, काहीतरी मनात घेतलंय. मग त्यांनी बोलावलेल्या, संग्रहालयातल्या एका तरुण मुलीने आमच्यासमोर जोडावरून पातळ पाती फिरवली आणि म्यान शेंगेसारखं उघडलं. आत मुठीच्या बाजूला एक पिवळा ठिपका, त्याला चिकटून एक काळपट तांबडा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, हळद लाकडात किती खोल जाते ते माझ्या ओट्याला विचारा. रवी हसला, आणि मग खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

हार्लोचं म्हणणं अर्थात तेच, की पात्यावरचे खड्डे आपणच घासून काढले. तुझं वाक्य मी वर्गात सांगावं तसं सांगितलं, की घासून पातं फुगत नाही. सार्जंटबाईंनी ते लिहून घेतलं.

मग त्याच्या वर्कशॉपची झडती झाली. मुठी नसलेली बरीच पाती निघाली. त्यांनी विचारलं, यातलं तुमचं कुठलं. सगळी एकसारखी दिसत होती. मी डोळे मिटले, अनामिका पुढे केली. तिसऱ्या पात्यावर बोट थांबलं. नंतर ते उघड्या म्यानात ठेवून पाहिलं. पात्यावरचे खड्डे लाकडातल्या ठिपक्यांवर बरोबर आले.

सहीही खरी निघाली, हे तुला कळलंच असेल. म्हणून तर त्याने ती खोटी ठरवली होती. आणखी चार-पाच घरांची पाती त्याच्याकडे होती. त्यांतल्या दोघांना आपलं पातं बदललंय हे ठाऊकच नव्हतं. त्यांना म्यान उघडायला मीच सांगितलं.

एका तज्ज्ञाने अहवालात ते खड्डे निष्काळजीपणाचे म्हणून लिहिलेत. मी त्याला नम्रपणे कळवलंय की तो निष्काळजीपणा नव्हे, ती पूजा आहे. परिणाम एकच, हे मात्र मान्य केलं.

तुझा बाप आता मिल्टन कीन्सच्या प्रत्येक राउंडअबाउटवर थांबून लोकांना सांगतोय की माझी मुलगी गुन्ह्यांच्या इतिहासावर पीएचडी करते.

तुझ्या आजोबांना तू दिसायला हवी होतीस. मला दिसतेस, ते त्यांच्याही वाटचं.

तुझी,
आत्या

*

एडिनबरा
३ ऑगस्ट २००९

ती. स्व. आत्यास,
सा. न. वि. वि.

हार्लोने कोर्टात गुन्हा कबूल केल्याचं बाबांकडून कळलं. त्यांनी ते इतक्या थाटात सांगितलं, जणू सरकारी वकील तेच होते.

एकच दुःख आहे. इनागाकी ज्या आठवड्यात येणार, त्याच आठवड्यात माझी तोंडी परीक्षा. तारीख बदलून मागणार होते, पण तू काय म्हणशील ते कानात ऐकू आलं, म्हणून नाही मागितली. तलवार तूच दे. त्यांना इंग्रजी येतं, आणि दोन पिढ्यांचा शब्द आहे, मध्ये दुभाष्याची गरज नाही.

संग्रहालयातल्या त्या मुलीने विचारलंय, खड्डे घासून काढायचे का. पातं थोडं झिजेल, पण निघतील. तू म्हणतेस काढून टाका, आपली चूक त्यांच्या घरी कशाला पाठवायची. माझं मत वेगळं आहे, पण निर्णय आपला दोघींचाही नाही. इनागाकींना विचार.

प्रबंधाची प्रत वेगळ्या पाकिटात पाठवली आहे. इंग्रजीत आहे, तेव्हा लाल शाईचं झाकण बंदच ठेव.

तुझ्यावर माया आहेच, ती वेगळी लिहायला नको.

तुझी,
ईशिता

*

इल्फर्ड
२९ सप्टेंबर २००९

चि. डॉ. ईशिता हिस,
अनेक आशीर्वाद.

हा मायना लिहून मी एकदा मोठ्याने वाचून पाहिला. 'चि.' पुढे 'डॉ.' आपल्या घरात पहिल्यांदाच लागलं.

इनागाकी आणि त्यांच्या पत्नी आले होते. ते उंचीने माझ्याएवढेच, रेल्वेत इंजिनियर होते, आता माझ्यासारखे रिकामे. दारातच वाकले, मीही वाकले, मग कोण आधी उभं राहणार हे ठरेना. रवीने मध्ये पडून कोट घेतले.

आबा जे सांगायचे ते मी त्यांना सांगितलं. त्यांच्या आजोबांनी तलवार देण्याआधी स्वतःच्या रुमालाने मूठ पुसली. आबांना ते विसरता आलं नाही. हरलेला माणूस वस्तू अशी देतो, तर घेणाऱ्याने ती कशी ठेवायला हवी, असं म्हणायचे. बाई रडल्या. इनागाकी नाही रडले, पण चहा गार झाला.

मग खड्डे दाखवले, हार्लोचंही सगळं सांगितलं आणि म्हटलं, चूक आमची आहे, सांगाल तर काढून देतो. त्यांनी विचारलं, कुठल्या बोटाने लावता. मी अनामिका दाखवली. त्यांनी आपली अनामिका त्या जागी ठेवली आणि बराच वेळ तशीच राहू दिली. म्हणाले, आजोबांची तलवार कुठल्या तरी अडगळीत गंजत असेल असं आम्ही आयुष्यभर धरून चाललो होतो. हिच्यावर गंज आहे, पण तो दरवर्षी कुणीतरी हात लावल्याचा आहे. तो राहू द्या. म्यान नव्या खळीने जोडलं, आतली हळद तशीच ठेवून. मी आंबेमोहोर देऊ केला होता, पण संग्रहालयातल्या मुलीने स्वतःचाच तांदूळ वापरला.

तलवार गेली. वाटलं होतं, घर ओकंबोकं होईल. तसं झालं नाही. दिलेली वस्तू आणि गेलेली वस्तू यांत फरक आहे, हे मागच्या वर्षाने शिकवलं.

परवा खंडेनवमी झाली. सवयीने पाट मांडला, मग लक्षात आलं की ठेवायला काही नाही. आणि तेव्हाच टेबलावर तुझी प्रत दिसली. घरात दुसरं शस्त्र नव्हतंच. ती पाटावर ठेवली, पहिल्या पानावर, तुझ्या नावाच्या खाली, ओल्या अनामिकेने आधी हळद, तिला चिकटून कुंकू. कागद जरा फुगला आहे.

तुझ्या लिखाणावर माझ्या हाताने आजवर जे जे लाल उमटलं, ते चुकीसाठीच. हे पहिलं, जे चुकीसाठी नाही.

तुझी,
सुप्रभा आत्या