राखणदाराची हद्द

बाबा, शेजारच्या आजींनी मला एक मातीचा बुटका दिला आणि त्याच्यापायी मला तुमचा राग आला आहे. राग जुनाच, पण आतापर्यंत मी त्याला आदर म्हणत आलो.

आधी बुटक्याबद्दल सांगतो. इथे त्याला नोम म्हणतात. लाल टोपी, पांढरी दाढी, गुडघ्याएवढी उंची. रिचमंड हिलमधल्या आमच्या रस्त्यावर चार घरांआड एकाच्या बागेत तो दिसतो. दुकानात हिवाळ्यात बर्फावर टाकायच्या मिठाच्या पोत्यांशेजारी रांगेने उभा असतो, कुणाच्या हातात गळ, कुणाच्या हातात 'वेलकम'ची पाटी. तुम्ही पाहिलं असतं तर थुंकला असता. मीही त्याला इतकी वर्षं खेळणंच समजत होतो. पण आजी नॉर्वेतल्या शेतकऱ्याची मुलगी. त्यांनी सांगितलं, की हा जमिनीच्या पोटातला, माशाला पाणी तशी याला माती. कुणी म्हणतं खाणीतल्या सोन्यारुप्यावर पहारा देतो, कुणी म्हणतं उजेड पडला की दगड होतो. त्यांच्या गावी तो गोठ्यात राहायचा, गुरं सांभाळायचा, आणि नाताळात त्याला लापशी ठेवावी लागे. "लोणी वर. तळाशी गेलं आणि त्याला दिसलं नाही, तर सकाळी गाय मेलेली." हे सांगताना आजी हसत नव्हत्या. मी ऐकत उभा राहिलो आणि मला आपल्या ओढ्यावरचा, व्हाळाकाठचा राखणदार देव दिसायला लागला. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी. नाताळाच्या लापशीऐवजी त्याला वर्षाचा कोंबडा, विडी आणि नव्या वहाणांचा जोड. जुना जोड तुम्ही उलटा करून सगळ्या वाडीला दाखवायचात. टाचा झिजलेल्या. "बघा, देव फिरलो हा. वरीसभर फिरलो." आणि मग सगळ्या वाडीच्या वतीने देवाला घातलेलं तुमचं गाऱ्हाणं. तुमचा आवाज चढत जातोय, प्रत्येक वाक्याला वाडी म्हणतेय, "व्हय म्हाराजा!" मीही म्हणतोय, सगळ्यांत मोठ्याने.

ते शब्द मला हवे होते. शाळेतून आलो की चुलीपाशी तुमच्या शेजारी बसायचो आणि विचारायचो. तुम्ही पेज ओरपत म्हणायचात, "हे शब्द तुका कित्याक? तू शिकतलंस नि जातलंस. जो हय रवतलो, तेका शिकवतलंय." आई म्हणायची, "अहो, पोर मागता हा, सांगा मरे." तुम्ही वाटी खाली ठेवून उठून जायचात. कोण राहिलं, बाबा? चुलतभाऊ मुंबईला, मी इथे. राहिलेल्या घरांना कुलपं. शब्द तुमच्याबरोबर गेले. आता राखणदाराच्या दगडापुढे सुट्टीत कोणीतरी नारळ ठेवतो आणि मुकाट्याने परततो.

आणि निघालो तो दिवस. एसटी व्हाळाच्या अलीकडे उभी, माझी बॅग टपावर चढलेली. आई तुम्हाला म्हणाली, राखणदाराला पोरासाठी सांगा. मी हात जोडून उभा. कंडक्टर ओरडला, "चला म्हाराजा, गाऱ्हाणां मागसून घाला!" सगळी गाडी हसली. तुम्ही हसला नाहीत, हातही जोडले नाहीत. म्हणालात, "तेची हद्द व्हाळापर्यंत. पलीकडे तुजो तू."

त्या एका वाक्याने माझं काय केलं, हे तुम्हाला कधी कळलं नाही. मी देवाधर्माचा माणूस आहे. स्वयंपाकघरातल्या कपाटात गणपती आहे, रोज दिवा लावतो, अथर्वशीर्ष म्हणतो. पण पहिल्या हिवाळ्यात बेसमेंटच्या खिडकीवर बर्फ चढला तेव्हा, हायवेवर गाडी घसरून उलटी फिरली तेव्हा, लेक जन्मली आणि निळी पडली तेव्हा, ओठांवर गणपती होता आणि पोटात तुमचं वाक्य. पलीकडे तुजो तू. माणूस देशाबाहेर गेला म्हणून त्याला उघड्यावर टाकतात का?

आजींना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "जोडे झिजायचे ना? म्हणजे तो चालायचा. मग ओढा ओलांडायला त्याला काय झालं होतं?" आणि त्यांनी त्यांच्याकडची गोष्ट सांगितली. एक शेतकरी त्या बुटक्याच्या खोड्यांना कंटाळून घर सोडतो. सगळं सामान गाडीवर लादतो. वाटेत भेटलेला विचारतो, कुठे निघालात? तर सामानातून लाल टोपी वर येते आणि बुटकाच म्हणतो, "आज आम्ही घर बदलतोय!" आजी खदखदून हसल्या. मला हसू आलं नाही. मी घरी आलो आणि गॅरेजमध्ये नुसता बसून राहिलो. इतकी वर्षं, बाबा. कुणाचा राखणदार गाडीत लपून येतो, आणि माझ्या बापाने माझा राखणदार व्हाळावर उतरवून ठेवला.

या उन्हाळ्यात आजी वृद्धाश्रमात गेल्या आणि जाताना बुटका आमच्या पायरीशी ठेवून गेल्या. ऑगस्टअखेर लेक शिकायला मॉन्ट्रियलला निघाली, मैत्रिणींबरोबर, भाड्याच्या व्हॅनने. मी ड्राइव्हवेवर नारळ घेऊन उभा राहिलो. "बा देवा म्हाराजा..." म्हटलं, आणि पुढे काही नाही. एक शब्द नाही. बायको नागपूरची, तिला कळेना मध्ये काय म्हणायचं. लेक कानाशी येऊन म्हणाली, "बाबा, इट्स ओके. एव्हरीवन इज वॉचिंग." त्या क्षणी तुम्ही समोर असता तर मी तो नारळ तुमच्या पायाशी आपटला असता. माझ्यासाठी नाही, तिच्यासाठी मला ते शब्द हवे होते.

ती शेवटचं वॉशरूमला गेली. मैत्रिणी फोनमध्ये. मी बुटका उचलला, टॉवेलात गुंडाळला आणि व्हॅनमधल्या तिच्या खोक्यात, कुकर आणि तांदळाच्या मध्ये बसवला.

दुसऱ्या दिवशी फोन. "बाबा, किचनच्या बॉक्समध्ये हा क्रीपी माणूस तू ठेवलास?"

"मी नाही. तोच आला असेल."

"सीरियसली, बाबा?"

"येतात ते. सामानात लपून."

ती हसली. मग म्हणाली, "फाइन. खिडकीत ठेवते."

बघा, एवढंच होतं. एक खोटं. तुम्हाला एसटीपाशी ते बोलता आलं असतं आणि मी आयुष्यभर तुमच्या पाया पडलो असतो. तुम्ही खरं बोललात, आणि तुमच्या त्या खरेपणाला मी अजून माफ करू शकत नाही.

हे पत्र गणपतीच्या कपाटात ठेवीन, अजून कुठे टाकणार. पण तुमच्यापाशी एक कबूल करतो. टॉवेलात गुंडाळताना मी बुटक्याच्या कानाशी म्हटलं, "जा, आणि वाटेत कुणी हद्द विचारली, तर व्हाळाकाठच्या गाऱ्हाणं घालणाऱ्याचं नाव सांग. त्याच्या नातीबरोबर निघालोय म्हणावं." बाबा, तुमचंच नाव दिलं. दुसरं कुठलं चाललं असतं असं वाटलं नाही.

आणि "व्हय म्हाराजा" मीच म्हटलं. म्हणायला दुसरं कोणी नव्हतं.