कड पुसलेलं चिपटं

प्रिय आई,

उद्या तुझं तेरावं. तू गेलीस तेव्हा मी रडले नाही म्हणून चुलत्यांनी नाकं मुरडली. आज दुपारी मात्र तराजूपुढे बसून रडले, म्हणून हे पत्र.

दादा तेराव्याचा तांदूळ आणायला पौडला निघाला होता. तू जेवणावळीचं कायम पायलीनं सांगायचीस, आणि आता दुकानात सगळं किलोनं! "शेवंते, तू चार बुकं शिकलीस. पाच पायलीचं किलो किती व्हत्यात, सांग बरं," म्हणाला. सोळा चिपट्यांची पायली, एवढं मला पाठ. एक चिपटं तोललं की झालं. शेजारून तराजू आणला आणि तुझं पितळी चिपटं आंबेमोहोरानं भरलं.

हातानं सहज शीग लावली, कडेच्या वर चांगली रास. पारड्यात ओतल्यावर पाव किलोच्या वजनाला काटा बरोबर उभा राहिला. मग चिपटं पुन्हा भरलं, तळहात फिरवून कड पुसली आणि तोललं, तर पारडं वर! बरोबर व्हायला मूठभर तांदूळ घालावा लागला.

ती मूठ माझी होती, आई.

रोज चुलीपुढे आबांचं नि दादाचं चिपटं शिगेचं, माझं पुसलेलं. वाढायचीसही तसंच. "मला का गं कमी?" मी एकदा विचारलं होतं. "पोरीच्या जातीनं प्वाट ल्हान ठेवावं. सासरी कोण वाढतंय तुला?" कणगी भरलेली होती गं आपली! तुटवडा असता तर मी एक शब्द बोलले नसते.

आणि सासरी काय झालं, सांगू? सासूबाई पातेलं पुढ्यात सरकवून म्हणायच्या, "घे की अजून, लाजतीस काय?" पोटात आग, आणि तोंडातून "नगं". मंदा पोटात होती तेव्हासुद्धा! मला दूधच आलं नाही, पोर शेळीच्या दुधावर वाढली. याचा राग कुणावर काढू?

पण खरं झोंबलं ते पुढंच. संध्याकाळच्या भाताला मीच तांदूळ घेतले. दादाच्या पोराची शीग लावली, आणि मंदाच्या वेळी माझा तळहात आपोआप कडेवरून फिरला. मी चपापले. मंदा बघत होती. आठ वर्षांची पोर, म्हणाली, "आई, माजं कायम तसंच असतंय." तक्रार नव्हती तिची. तिला तेच पुरं माप वाटत होतं.

तुझं स्वतःचं चिपटं कसं असायचं? काही केल्या आठवत नाही. तुला जेवताना मी कधी नीट पाहिलंच नाही. तुझंही पुसलेलंच असेल, म्हणून माफ करू? नाही जमत गं.

उद्या तुझ्या पानावर शिगेचा भात वाढीन. दादा देतोय तरी तुझं चिपटं मात्र नेणार नाही. आणि वचन देते, मंदा "बास" म्हणेपर्यंत वाढीन. ती लवकर "बास" म्हणाली, तर त्यावरही आणखी एक मूठ.

तुझीच लेक,
शेवंता