मर लागलेल्या वाफ्यातला शेंडा

नाना,

आज औरंगपुऱ्यातून करडईचं तेल आणलं, पाच किलोचा डबा, दोनशे वीस रुपये; रिक्षाचे दहा वेगळे. टपालानं तुमच्या सरकारी शेती-संशोधन फार्मचं पुस्तकही आलं. ते फुकट, अन् फुकटाच्याच लायकीचं. आत तुमचा फोटो. खाली छापलंय, मर रोगाला दाद न देणारं करडईचं बी ह्यांनी शोधलं आणि शेंडा खुडून एकाच झाडापासून भरपूर बी घ्यायची युक्तीही ह्यांचीच. देवापुढं बसून वाचत होते. हसू आलं, जप राहिला तिथंच.

पडेगावकडच्या त्या फार्मवर आपल्या क्वार्टरमागं तुमचा मर रोगाचा वाफा होता. मेलेली झाडं तुम्ही मुद्दाम त्याच मातीत गाडायचात, म्हणजे रोग मुरावा आणि त्यातूनही जे झाड तगेल त्याचा गुण बियांत उतरतो का ते बघावं. त्या वर्षी सगळा वाफा वाळला, एकच झाड हिरवं राहिलं. त्याला पांढरी दोरी बांधलीत. घरात कुणी तापानं फणफणलं तर कपाळाला हात लावला नाही कधी, पण त्या झाडाला दिवसातून दोनदा बघून यायचात.

मार्गशीर्षातल्या गुरुवारी नैवेद्याला करडईची भाजी होती. तुम्ही दोन घास खाऊन वाफ्याकडं जाता, अन् तिथूनच ओरडत येता. झाडाचा शेंडा खुडलेला! गड्यांच्या देखत मायला म्हणता, "शेळी परवडली! तिला दाव्याला तरी बांधता येतं."

माय म्हणाली, "शेळीनं खाल्ला असता, तर तुमच्या ताटात काय पडलं असतं?"

तुम्ही ताट लोटलंत. नैवेद्याचं ताट! महिनाभर तिच्याशी बोलला नाहीत.

पुढं त्याच झाडाला बगलेतून फांद्या फुटल्या, लई बोंडं धरली. मोठे साहेब बघायला आले. "वा! शेंडा किसने तोडा?"

"मीच, साहेब. बी जास्त मिळावं म्हणून."

माय चहा घेऊन दारातच उभी होती. हरभऱ्याचे, करडईचे शेंडे आपल्याकडच्या बाया पिढ्यान्‌पिढ्या खुडतात, भाजी होते अन् झाडही पसरतं. ते तुमच्या नावावर छापून आलं. एवढे शिकलेले तुम्ही, अन् बायकोची चोरी केलीत.

हे पत्र टाकायचं कुठं? तेलाच्या पावतीपाशी ठेवते. तुमच्याबद्दल आदर उरला नाही, ओढून आणायचाही नाही. पण खरं ते लिहिते. शेंडा मायनं खुडलाच नव्हता. बांधावरचा पाला मूठभर कमी पडला म्हणून मी खुडला, दोरी दिसत असताना. माझं मॅट्रिकचं वर्ष. कळलं तर तुम्ही शाळेतून काढाल म्हणून मायनं अंगावर घेतलं. मी आत भाकरी थापत राहिले.

माय गेली, तिची माफी मागायची माझ्याकडून राहून गेली. तिकडं गेल्यावर तुम्ही तरी मागितलीत का, उलट टपाली कळवा.